दस्तीखाली ठरलेल्या दोन चाव्या

शेळीपालकांच्या संघाच्या चेअरमननं मला फसवलं. आणि माझ्या शब्दावर विसंबून ज्यांनी आपल्या शेळ्या माझ्या साइटवर टाकल्या, त्या सगळ्यांना त्यानं माझ्याच हातून फसवलं. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण बाजारात सध्या नेमकं उलटं सांगितलं जातंय. आतले भाव मीच फोडले, असं म्हणतात. संघानं माझ्या कामाचे पैसे पुरे दिलेत, एक रुपयाही बाकी नाही. तेव्हा पैशाचं भांडण आहे असं समजून कुणी हे वाचायला घेऊ नये.

मी वेबसाइटी बनवतो. धाराशिवात बियाण्याच्या दुकानावर माझी एक खोली आहे. खाली औषधांचे डबे उघडले की वर माझ्या चहाला वास येतो. एक टेबल, दोन स्क्रीन, एक इन्व्हर्टर. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. शिकलो ते नेट कॅफेत लोकांचे भरतीचे फॉर्म भरता भरता. मोकळा वेळ मिळाला की दुसऱ्याची साइट उघडायची, तिचा आतला कोड काढून बघायचा, एक ओळ बदलायची आणि काय मोडतं ते पाहायचं. का मोडलं, ते कळेपर्यंत मी उठत नसे. असं सहा वर्षं. कुणी बोट धरलं नाही, आणि त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

लोकांना वाटतं मी दिवसभर कोड लिहितो. कोड हा कामाचा चौथा हिस्सा. बाकीचा वेळ फोटो मागण्यात जातो. भूमचा एक खव्यावाला आहे, त्यानं चार महिने फोटो दिले नाहीत, आणि दिले त्या प्रत्येकात खव्यापेक्षा त्याचा अंगठा मोठा. मंगल कार्यालयाचा मालक म्हणतो, "आमचं नाव अजून मोठं करा." मोठं केलं की म्हणतो, "आता खालचं दिसंना." घासाघीस तर रोजची. माझा एक नियम आहे: मी भाव कमी करत नाही, पानं कमी करतो. गिऱ्हाईक म्हणालं दोन हजार सोडा, की मी म्हणतो, बरं, मग गॅलरी काढू. ते लगेच गॅलरीला कवटाळतं.

छंद म्हणाल तर जुने फोन. आठवडी बाजारात मोडके फोन विकणारा बसतो, त्याच्याशी तासभर हुज्जत घालून मी एखादा आणतो. काच तडकलेली, बॅटरी फुगलेली, चालेल. ते दुरुस्त करतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो. माझ्या स्वतःच्या फोनवर माझी प्रत्येक साइट सुंदर दिसते, त्याच्यावर माझा विश्वास नाही. गावात ज्या फोनवर ती उघडणार, तो बहुतेक वेळा कुणीतरी वापरून टाकलेलाच असतो. बायको त्या ड्रॉवरला दवाखाना म्हणते.

वडील शेळ्यांच्या बाजारात दलाल होते. गिऱ्हाईक आणि मालक यांच्यामध्ये उभं राहायचं, इतकंच काम. पण उभं राहण्यालाही रीत होती. भाव तोंडानं बोलायचा नाही. खांद्यावरचा रुमाल, आमच्याकडं त्याला दस्ती म्हणतात, ती दोघांच्या हातांवर टाकायची आणि खाली बोटं दाबायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. शेकड्यात की हजारात, ते आधी ठरलेलं. पटलं की मनगट आवळायचं. मनगट आवळलं की सौदा झाला, मग दुनिया इकडची तिकडं होवो. मला ते दस्तीखाली बोटं दाबून शिकवत. म्हणत, "तोंड हललं की भाव गेला. शेजारच्याला कळलं, की तो पाच रुपये चढवून मोकळा. स्वतःच्या मनानं जनावराची किंमत कुणी करायचीच न्हाय मग."

हेच मी साइटवर आणलं. कल्पना माझी, सगळीच्या सगळी. शेळीवाल्यानं शेळीचे फोटो टाकायचे. गिऱ्हाइकानं भाव पाठवायचा. तो भाव शेळीच्या मालकाला मेसेजनं जाणार, दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला दिसणार नाही. प्रत्येकानं आपल्या डोळ्यानं शेळी जोखायची, आपला आकडा टाकायचा. कोण किती बोललं ते झाकलेलं. तशा दुसऱ्या साइटी मी पाहिल्या होत्या. त्यांवर सगळ्यांचे आकडे उघडे, म्हणून सगळे थांबून बसतात आणि शेवटी पन्नास रुपये चढवतात.

चेअरमन स्वतः माझा जिना चढून आला होता. पांढरे कपडे, दूध डेअरीचा मालक, जिल्ह्यात ओळखी. खुर्ची पुसून बसला.

"तू आमच्या दलालाचा पोरगा व्हय?"

"व्हय."

"तुझ्या बापानं आमची पहिली गाभण शेळी विकून दिल्ती. लई सरळ माणूस. आता तू संघाचं काम कर. नाव संघाचं, डोकं तुझं."

इथंच मला सावध व्हायला हवं होतं. पण बापाचं नाव घेतलं की माझी घासाघीस ढिली पडते. हे त्याला माहीत होतं, असं आता वाटतं.

एकच गोष्ट अडली. झाकलेले भाव कधीतरी उघडून बघायची सोय ठेवावीच लागते. उद्या गिऱ्हाइकानं म्हटलं, मी असं बोललोच नव्हतो, तर कुणाला तरी खरं दाखवता आलं पाहिजे. म्हणून एक आतला पासवर्ड असतो, त्याला आम्ही चावी म्हणत होतो. ती ज्याच्याकडं, त्याला सगळ्या शेळ्यांचे सगळे भाव दिसतात. तेव्हा चाव्या किती, हा खरा प्रश्न होता.

तो आकडा ठरला बाजारात, भर सकाळी, शेळ्यांच्या रांगेशेजारी लिंबाच्या झाडाखाली. चेअरमनबरोबर संघाचे दोन संचालक होते. मी म्हटलं, चाव्या दोनच. एक तुमच्याकडं, एक दुरुस्तीसाठी माझ्याकडं. तो म्हणाला, संचालक आहेत, प्रत्येकाला नको का? आवाज चढायला लागले तसा तो हसला आणि खांद्यावरची दस्ती काढली.

"चल, बापाचा धंदा विसरला न्हाईस ना? दे हात."

आजूबाजूला बाजारातले जुने लोक जमले. मी हात दिला. त्यानं पंजा धरला: पाच. मी दोन बोटं दाबली. त्यानं चार धरली. मी दोन. त्यानं तीन धरून जरा वेळ तशीच ठेवली, माझ्या तोंडाकडं बघत. मी दोन. मग त्यानं माझी दोन बोटं धरली आणि मनगट आवळलं. एक म्हातारा म्हणाला, "झाला सौदा, पेढा काढा." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वडिलांनंतर पहिल्यांदाच त्या बाजारात कुणी मला हात दिला होता.

आता ऐका माझा मूर्खपणा. मी प्रत्येक कामाचा बॅकअप तीन जागी ठेवतो. कोटेशनमध्ये लिहितो की बदल दोनदाच फुकट, तिसऱ्यांदा नाही. शाळेच्या हेडमास्तरांकडूनही सही घेतल्याशिवाय मी साइट सुरू केलेली नाही. आणि या ठिकाणी मी एक ओळ लिहून घेतली नाही, साधा मेसेज पाठवला नाही. मनगट आवळल्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. आमच्या बाजारात तसं कुणी करत नाही. त्याहून वाईट म्हणजे, दोनच्या वर तिसरी चावी तयारच होणार नाही असं मला कोडमध्ये चार ओळींत बांधता आलं असतं. तेही बांधलं नाही. हात दिला होता ना.

साइट चालली. आमची उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीनं आपलं सोडलेलं नाही, आणि साइटवर मला दोन्ही नावं सांभाळावी लागत. तेरच्या एका मावशीनं सगळ्यात आधी शेळ्या टाकल्या. शेळ्या राखून त्यांनी दोन लेकी उजवल्या होत्या. वाचता येत नव्हतं, शेजारीण मेसेज वाचून दाखवायची. फोटोसाठी शेळीला उभं करायच्या आणि पहिली तिच्या कपाळावरची धूळ पुसायच्या. मी त्यांना बाजारात सांगितलं होतं, "मावशी, तुमच्या शेळीला कोण किती बोललं, ते तुमच्याशिवाय कुणाला दिसणार न्हाय. माझा शब्द."

त्यांचाच फोन आला.

"लेकरा, एक इचारू का? त्यो शहरातला व्यापारी हाय ना, लई शेळ्या नेतो त्यो. आधी त्यो चौदा हजार बोलायचा अशा शेळीला. आता दुसऱ्या कुणी बारा बोललं, की ह्यो बारा आन् वर शंभर. तिसऱ्यांदा असं झालं. त्याला सपान पडतं काय?"

मी म्हटलं योगायोग असेल. फोन ठेवला. योगायोग एकदा होतो.

मेव्हण्याची एक पाट, म्हणजे तरणी शेळी, होती. त्याला विचारून मी ती साइटवर टाकली. मग ड्रॉवरमधले दोन जुने फोन काढले आणि दोन वेगळ्या नंबरांवरून भाव पाठवले. एक सात हजार एकशे तीस, दुसरा सात हजार तीनशे सत्तर. बाजारात सत्तरवर कुणी थांबत नाही. मुद्दामच तसा आकडा घेतला. तासाच्या आत त्या व्यापाऱ्याचा भाव आला. सात हजार चारशे. मी मेव्हण्याचीच दुसरी शेळी टाकली, पुन्हा तसंच. बाकीच्यांच्या भावांना मी हात लावला नाही. फक्त चाव्यांची यादी उघडली.

पाच चाव्या. चेअरमनच्या चावीतून आणखी तीन काढलेल्या. दोन त्या संचालकांच्या नावावर. तिसरी कुणाच्याच नावावर नव्हती, पण ज्या फोनवर ती चालत होती, तो नंबर त्या व्यापाऱ्याचा होता.

मी डेअरीवर गेलो. चेअरमन, तेच दोन संचालक आणि चार-पाच माणसं चहा पीत बसली होती. मी उभ्यानंच विचारलं, "चेअरमनसाहेब, चाव्या किती ठरल्या होत्या?"

"पाच."

"दोन."

"पाच, इंजिनेर. पंजा धरला होता म्या. तुझी बोटं बधिर झाल्यात, दिवसभर कीबोर्ड बडवून."

सगळे हसले. एक संचालक म्हणाला, "बापाला तरी इचारायचं होतं आधी, कसा हात द्यायचा ते." वडील वारलेत, हे त्याला माहीत होतं. मी त्याच्या हातातला कप काढून खाली आपटला. ते चूक केलं. कारण मग बोलणं चाव्यांचं राहिलं नाही, कपाचं झालं.

"व्यापाऱ्याला चावी कशाला दिली?" मी दारातून विचारलं.

चेअरमननं बशी पुसली. "संघाची साइट हाय. संघ बघंल."

घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: साइट बंद. माझ्याकडं चावी होती, सगळं पुसायला पाच मिनिटं लागली असती. बायको तूर निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बंद केली तर चोर तुम्हीच ठरणार. ज्यानं दार उघडलं, त्याचं नाव ज्याचं दार त्यालाच कळू द्या की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसलो आणि तेच लिहिलं. शेळीच्या मालकाला नवा भाव आला की मेसेज जातच होता. मी दुसरा मेसेज जोडला. कुणी आतली चावी लावून एखाद्या शेळीचे भाव उघडले, की त्याच क्षणी त्या मालकाला कळणार: कितव्या नंबरच्या चावीनं, किती वाजता. इतक्या रागात इतका नीट कोड मी कधी लिहिलेला नव्हता. एकदाच चालवला, एक चूक निघाली नाही. खरं सांगतो, पगडी बांधून लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं.

बाजारच्या दिवशी सकाळी तो चालू केला आणि रांगेसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. साइटवर टाकलेल्या शेळ्याही लोक रांगेत आणून बांधत. व्यापारी आला. एका शेळीसमोर उभा राहिला, खिशातून फोन काढला, खाली मान घातली. त्या शेळीच्या मालकाचा फोन वाजला. तो पुढच्या शेळीकडं सरकला, फोनवर बोट फिरवलं. तिथला फोन वाजला. असे सहा-सात फोन वाजले. तो जिथं जाईल तिथं टुणटुण. लोक एकमेकांचे मेसेज वाचायला लागले. मावशीच्या शेजारणीनं मोठ्यानं वाचलं, "तुमच्या शेळीचे भाव पाच नंबरच्या चावीनं आत्ता बघितले."

मावशी उठल्या आणि सरळ व्यापाऱ्याच्या समोर गेल्या. "का रं, पाच नंबर म्हंजी तूच का?"

"मावशी, मला काय ठावं?"

"मग परत दाब बरं ते. माझा फोन वाजतो का बघू."

तो दाबेना. सगळी रांग हसत होती. मीही हसलो आणि दुसरा चहा मागवला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटत नाही.

दुपारी बाराच्या आत माझी चावी बंद झाली. साइटचं नाव, सर्व्हर, सगळं संघाच्या नावानं मीच घेतलं होतं, सरळ माणसासारखं. चेअरमननं दुसऱ्या कुणाला तरी बसवून मला बाहेर काढलं, माझा नवा मेसेज काढून टाकला, आणि साइटवरच्या प्रत्येक माणसाला एक मेसेज पाठवला: आधीचा वेबसाइटवाला तुमचे भाव चोरून बघत होता, पाच नंबरची चावी त्याचीच होती, त्याला काढून टाकलं आहे, निश्चिंत राहा.

माझ्या हत्याराची मूठ त्याच्या हातात गेली. मेसेजमध्ये मी नंबर घातला होता, नाव घातलं नव्हतं. घाईत मला वाटलं होतं, नंबर पुरेल.

तेव्हापासून हा बाजार माझ्याशी वेगळा वागतो. खव्यावाला म्हणाला, "आधी संघाचं मिटू द्या, मग आमचं बघू." वडिलांच्या बरोबरीचा एक दलाल मला बघून दस्ती झटकून खांद्यावर टाकतो आणि दुसरीकडं तोंड करतो. त्यानं आरडाओरडा केला असता तर काही नव्हतं. पण तो बोलतच नाही, तर ओरडू कुणावर?

मावशींकडं मी स्वतः गेलो. एसटीनं तेरला उतरलो, चालत त्यांच्या गोठ्यावर गेलो. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"खरं सांग. तुला दिसत हुते का माझे भाव?"

"दिसले असते. माझ्याकडं चावी होती."

"बघितलेस?"

"तुमचे न्हाय. मेव्हण्याच्या दोन शेळ्यांचे बघितले, सापळा लावला तवा."

त्यांनी पाल्याचा भारा सोडला. "तू मला म्हणला हुतास, कुणाला दिसणार न्हाय. तुला दिसतंय हे का न्हाय बोललास तवा?"

मी म्हटलं, "चुकलं."

"तुझं तू बोललास," त्या म्हणाल्या. "आता ज्यानं दिली चावी, त्यानं माझ्या म्होरं येऊन बोलावं. त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. तू सांगून काय उपेग?"

चेअरमनसाहेब, म्हणून हे लिहिलं. चाव्यांची यादी माझ्याकडं आहे, कोणती चावी कधी काढली, कुठल्या फोनवर चालली, सगळं आहे, आणि ते मी तीन जागी ठेवलंय. पण यादी नाचवून मला काही मिळवायचं नाही. मनगट आवळताना बाजूला उभे असलेले दोघे संचालकही वाचत असतील; मी किती बोटं दाबली ते त्यांना दिसलं नसेल, पण साइटवर चाव्या किती झाल्या ते त्यांना माहीत होतं, कारण दोन त्यांच्याच खिशात आहेत. तुम्ही तिघांनी येत्या बाजाराला सकाळी शेळ्यांच्या रांगेत यावं. मावशी तिथं असतील, मी असेन, बाजारातली जुनी माणसं असतील. माझी माफी नको, माझी साइट परत नको. पाचवी चावी त्या व्यापाऱ्याला कुणी दिली, आणि मावशीच्या तीन शेळ्यांचं नुकसान कुणाच्या सांगण्यावरून झालं, एवढं त्या बाईच्या तोंडावर बघून सांगा. मोठ्यानं सांगा.